हात न लावता

मोठी माणसं खेळतात तेव्हा त्याला खेळ म्हणत नाहीत, छंद म्हणतात. लहान पोर जमिनीवर पालथं पडून गाडी ढकलायला लागलं की आई पाठीत धपाटा घालते. साठीचा माणूस तेच करायला लागला की त्याची बायको गुडघ्याखाली घ्यायला उशी आणून देते. माझी धाकटी बहीण अशा उशीवाल्या बायकांपैकी. तिच्या नवऱ्यानं, म्हणजे आमच्या मेहुण्यांनी, घरामागची अख्खी बाग खेळण्यातल्या ट्रामच्या रुळांखाली घातली आणि हिनं चकार शब्द काढला नाही.

मेहुणे पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचे. त्यांच्या नकाशांमुळे किती नळांना पाणी आलं देव जाणे, पण निवृत्त झाल्यावर त्यांनी बागेचा जो नकाशा काढला त्यात फुलझाडाला जागा नव्हती. स्वयंपाकघराच्या दारापासून रूळ निघायचे, कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांखालून जायचे, पाण्याच्या टाकीला वळसा घालून अंजिराच्या झाडामागे मागच्या भिंतीला टेकायचे. खाली विटांचा नडगीएवढा बांध. धुण्याची बादली घेऊन दोरीकडे जायचं तर तो बांध ओलांडावा लागे, आणि बहिणीचा एक गुडघा कामातून गेलेला. तिनं तक्रार केली नाही. मी केली. मेहुणे म्हणाले, "ताई, रूळ जिथून जायचे तिथूनच जाणार." जसं काही ते रूळ वरूनच आखून आले होते.

रुळांच्या कडेनं ओळीत पितळी खांब आणि खांबांवर तार. ट्रामच्या टपावर एक दांडी असते, ती या तारेला टेकवायची. मला वाटायचं, तारेतून करंट येत असेल. छे! करंट ट्रामच्या पोटातल्या बॅटरीचा, हातातल्या रिमोटनं चालवायचा. तार नुसती शोभेची. पण दांडी तारेला लागलीच पाहिजे, आणि ट्राम उलटी न्यायची झाली तर आधी दांडी हातानं उचलून मागे फिरवलीच पाहिजे, नाहीतर ती तारेत अडकते आणि खांब उपटून काढते. शोभेच्या तारेसाठी एवढी उठाठेव. यावरून त्या मंडळींची कल्पना यावी.

मंडळी म्हणजे मेहुण्यांचं मंडळ. त्यात एक अध्यक्ष होते, पोस्टातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. अजूनही समोरच्याकडे असं बघायचे, जसं काही त्याच्यावर तिकीट कमी लावलंय. दुसरा दातांचा डॉक्टर, त्याला आम्ही घरात दातवाला म्हणायचो. तिसरा एक होयबा. तो कोण, काय करायचा, मला शेवटपर्यंत कळलं नाही. अध्यक्ष बोलले की "बरोबर", दातवाला बोलला की "अगदी बरोबर", एवढीच त्याची कामगिरी. दर रविवारी हे तिघं यायचे, काचेच्या कपाटातून एकेक ट्राम निवडायचे, दुपारभर चालवायचे, आणि बहिणीला हाक मारायचे, "वहिनी, चहा!" मी इस्त्रीचं आणि धुलाईचं दुकान चालवते. माणूस कसा आहे हे मी त्याच्या कॉलरच्या आतल्या मळावरून सांगते. या तिघांच्या कॉलरी स्वच्छ होत्या, म्हणजे घरी कुणीतरी घासत होतं.

गेल्या थंडीत मेहुणे गेले. झोपेतच गेले, कुणाला कसला त्रास न देता. बायकोला त्यांनी न दिलेला तेवढा एकच त्रास.

मी लगेच ठरवलं. माझ्या दुकानाच्या वर एक खोली रिकामी आहे, रस्त्याकडे खिडकी असलेली. ती साफ करून घेतली, फिका पिवळा रंग दिला, पलंग आणून टाकला. बहिणीनं घर बंद करून माझ्याकडे राहायला यावं. एकटीनं त्या रुळांच्या गराड्यात काय करायचं? ती येत नाही तोवर मीच रोज संध्याकाळी दुकान बंद करून तिच्याकडे जायचे आणि जेवून परतायचे. एकट्या माणसाला घास जात नाही ना. तिला मी खोलीबद्दल सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "ट्रामांचं काय ते एकदा होऊ दे ताई, मग सांगते." मी ते होकारात धरलं.

पण मंडळाचं वेगळंच चाललं होतं. ट्रामा आपसांत वाटून घ्यायच्या, रूळ मात्र हलवायचे नाहीत. "आठवण म्हणून," अध्यक्ष म्हणाले. रविवार चालूच ठेवायचे. आणि वहिनींनी याच घरात राहायचं, "जशा आहेत तशा." म्हणजे चहासकट. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे मी पुष्कळ पाहिले, पण वर चहाही मागणारे हेच.

वाटणीचा त्यांचा एक नियम होता. सभासद गेला की बाकीच्यांनी त्याच्या कपाटातून मानाच्या क्रमानं एकेक ट्राम निवडायची आणि त्याच्याच रुळांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवायची. वाटेत थांबायचं नाही, ट्रामला हात लावायचा नाही. अशी अखंड फेरी झाली तर ट्राम त्याची. थांबली किंवा हात लागला, तर बाद, परत कपाटात. हा नियम सांगताना अध्यक्षांचा आवाज भरून आला होता.

वाटणीच्या रविवारी मी मुद्दाम दुकान नोकरांवर टाकून हजर राहिले. तिघंही कपाटासमोर उभे. बहीण दारात, ओल्या हातांनी. तिच्याकडे कुणी बघेना.

"निवडताना वरचा रंग बघायचा नसतो," अध्यक्ष होयब्याला म्हणाले. "खालची चाकं बघायची. चाकांमधलं अंतर जितकं कमी, तितकं वळण सोपं."

"बरोबर," होयबा म्हणाला.

एवढं सांगून अध्यक्षांनी निवडली ती दुमजली हिरवी ट्राम, कपाटातली सगळ्यात उंच. का, तर तिच्या वरच्या मजल्यावर लहान लहान बाकडी होती आणि कडेला सोनेरी रेघ. दातवाल्यानं लांबलचक साय रंगाची ट्राम काढली, उलटी केली, आणि नखानं तिच्या पोटावर टकटक केलं. पेशंटच्या दाढेवर करतात तसं.

"हिची बॅटरी दमदार आहे," तो म्हणाला.

"अगदी बरोबर," होयबा म्हणाला. त्याची पाळी तिसरी.

"वहिनी, यांची सगळ्यात आवडती कुठली होती हो?" अध्यक्षांनी विचारलं. बहीण उत्तर द्यायला तोंड उघडते तोच ते म्हणाले, "हिरवीच. मला म्हणाले होते ते." आणि निघालेसुद्धा.

आता रूळ एकेरी. मधे टाकीपाशी तेवढा बाजूला एक जादा रूळ होता, समोरासमोर येणाऱ्या ट्रामांनी एकमेकींना वाट द्यायला. टक्कर होऊ नये म्हणून मेहुण्यांनी एक पितळेची कडी ठेवली होती. ज्याच्या हातात कडी, त्यानंच रुळावर जायचं. पोचला की कडी परत मेहुण्यांकडे, मग ते पुढच्याला देणार. आता कडी दाराजवळच्या खिळ्याला लटकत होती. ती कुणी कुणाला द्यायची? अध्यक्षांनी आपली आपण काढून घ्यायची तर ते हुद्द्याला शोभत नाही. दातवाल्यानं काढून अध्यक्षांच्या हातात ठेवायची तर तो काय त्यांचा शिपाई? दोघांनी कडीकडे पाहिलं, दोघांनी खाकरून घसा साफ केला, आणि दोघंही कडी न घेता आपापल्या टोकाला गेले. मी तिथेच उभी होते. मी ती कडी सहज काढून कुणाच्याही हातात देऊ शकले असते. का देऊ? मजा बघायची होती मला.

अध्यक्षांची दुमजली ट्राम स्वयंपाकघराच्या दारातून निघाली. डोक्यावर घडा घेतलेल्या बाईसारखी जपून जपून. दातवाल्याची तिकडून भिंतीपासून सुसाट सुटली. अध्यक्षांची हळू, दातवाल्याची जोरात. त्यामुळे टाकीपाशी भेट व्हायची ती झालीच नाही. साय रंगाची टाकी ओलांडून पुढे आली आणि एकेरी रुळावर, बरोबर कपड्यांच्या दोऱ्यांखाली, दोघी समोरासमोर आल्या.

"थांबा की," अध्यक्ष ओरडले.

"तुम्हीच थांबा," दातवाला ओरडला. "मी टाकी आधी ओलांडली!"

"मान माझा पहिला आहे!"

"मानाला ब्रेक नसतो का?"

शेवटच्या क्षणी दोघांनीही बटण सोडलं. टक्कर झाली नाही, हे दुर्दैव. दोन्ही ट्रामा नाकाला नाक लावून उभ्या राहिल्या. मधून माझी करंगळी गेली नसती. आता एकानं मागे जायचं तर दांडी हातानं फिरवायला हवी, आणि हात लागला की ट्राम गेली. त्यामुळे कुणीच मागे जाईना.

"मी थांबलेलो नाही," अध्यक्ष म्हणाले. "मला अडवलंय. माझी फेरी चालूच आहे."

"माझीही चालूच आहे," दातवाला म्हणाला.

दोघांनी होयब्याकडे पाहिलं. त्या माणसाला जन्मात पहिल्यांदा स्वतःचं मत द्यायची वेळ आली होती. तो म्हणाला, "दोघांचंही बरोबर आहे," आणि पडवीत जाऊन बसला.

अंधार पडेपर्यंत दोन शहाणीसुरती माणसं बागेत उभी राहून, हलत नसलेल्या दोन खेळण्यांची फेरी चालू आहे की नाही यावर भांडत होती. शेवटी ठरलं काय, तर पुढच्या रविवारपर्यंत ट्रामा आहेत तिथेच राहतील. दातवाल्यानं आपल्या ट्रामवर रुमाल पसरला, दव पडू नये म्हणून. ते पाहून अध्यक्षांनी आपली छत्री उघडून हिरव्या ट्रामवर धरली आणि बांधाच्या विटांत रोवून टाकली.

"वहिनी, तेवढं लक्ष असू द्या," जाताना अध्यक्ष म्हणाले. "मांजर वगैरे. आणि बांधाला धक्का नको. कपडे आठवडाभर आत वाळत घाला."

"बरं," बहीण म्हणाली. माझं डोकं फिरलं. मी तिला तिथल्या तिथे झापलं, बरं म्हणजे काय? ती हसली नुसती.

तो आठवडा मी रोज संध्याकाळी गेले आणि रोज तेच पाहिलं. चादरी दारांच्या कडांवर, टॉवेल खुर्च्यांच्या पाठींवर, मेहुण्यांचे जुने शर्ट पडद्याच्या दांडीला. बंद घरात वाळवलेल्या कपड्याला जो कुबट वास येतो तो माझ्यासारख्या बाईला सहन होत नाही. गिऱ्हाइकानं तसा कपडा आणला तर मी तो परत पाण्यात घालते. सगळ्या घराला तो वास लागला होता. बाहेर लख्ख ऊन, रिकाम्या दोऱ्या, आणि त्यांच्याखाली छत्रीत बसलेली ट्राम.

"यापेक्षा आजच चल माझ्याकडे," मी म्हणाले. "खोली तयार आहे."

"रविवार होऊ दे," ती म्हणाली.

रविवारी तिघं आले ते येताना घडीच्या खुर्च्या घेऊन आले. म्हणजे लवकर उठायचा विचार नव्हता. बांधाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या मांडल्या, होयब्याची मधे. चहा झाला. दुसरा चहा झाला. अध्यक्षांनी नियमाचा इतिहास सांगितला. दातवाल्यानं दुसरा इतिहास सांगितला. माझ्यानं राहवेना.

"लाज कशी वाटत नाही तुम्हाला?" मी पायरीवरूनच सुरुवात केली. "ज्याचं हे सगळं होतं तो माणूस गेला, आणि तुम्ही त्याच्या बायकोच्या दोऱ्या अडवून बसलात? तिला काय हवं, हे एकानं तरी विचारलंत? हिनं इथे राहायचं, हिनं चहा करायचा, हिनं मांजर हाकलायची. ठरवणारे तुम्ही कोण? तिचं आयुष्य म्हणजे तुमचे रूळ नाहीत, तुम्ही आखाल तिथून जायला!"

फार बरं वाटलं मला. होयबासुद्धा "बरोबर" म्हणाला, मग जीभ चावली.

"ताई, तुम्हाला यातलं समजत नाही," अध्यक्ष म्हणाले.

तेवढ्यात बहीण धुण्याची बादली घेऊन दारात आली. बादली पायरीवर ठेवली, दुखरा गुडघा सांभाळत बांधापाशी गेली, छत्री उपटून बाजूला ठेवली, रुमाल झटकला, आणि एका हातात हिरवी, दुसऱ्या हातात साय रंगाची, अशा दोन्ही ट्रामा उचलल्या. कणसं मोडावीत तशा.

"वहिनी! हात!" दोघं एकदमच किंचाळले.

"लागला," बहीण म्हणाली. "आता नियम काय म्हणतो?"

अध्यक्ष रिकाम्या रुळांकडे बघत म्हणाले, "नियमाप्रमाणे... दोन्ही बाद."

"मग झालं तर," म्हणत बहिणीनं दोन्ही ट्रामा नेऊन परत कपाटात ठेवल्या.

"पुढच्या रविवारी नव्यानं निवड करू," दातवाला म्हणाला. "या वेळी कडी घेऊनच—"

"पुढचा रविवार नाही," बहीण म्हणाली. तिचा आवाज नेहमीइतकाच होता, म्हणूनच जास्त ऐकू गेला. "कुठलाच रविवार नाही. कपाटाला कुलूप नाही. ज्याला जी हवी ती हातानं उचला आणि न्या. रूळही काढून न्या, नाहीतर मी भंगारवाल्याला देते."

तिघं कपाटासमोर उभे राहिले. हातानं उचलायची म्हणजे नियम मोडतो. कुणी पुढे होईना. सोवळ्यातल्यासारखे हात मागे बांधून एकमेकांकडे बघत होते. आणि मग होयब्यानं काचेचं दार सरकवलं, तीन ट्रामा काखेत मारल्या, चौथी हातात घेतली आणि कुणाकडेही न बघता फाटकाबाहेर पडला. त्याच्यामागोमाग उरलेल्या दोघांची जी झोंबाझोंबी झाली ती मी वर्णन करत नाही. दुकानात सेल लागल्यावर होते तशी. सोनेरी रेघेची हिरवी ट्राम शेवटी अध्यक्षांकडेच गेली, पण वरचा मजला दातवाल्याच्या हातात राहिला.

फाटक बंद झालं तेव्हा मी टाळ्या वाजवायचीच बाकी होते. "शाब्बास! हे तू आधीच करायला हवं होतंस. चल, आता पिशवी भर. चादरी माझ्याकडे आण, मी परत धुऊन काढते. पलंग खिडकीशी लावलाय, तुला रस्ता दिसेल, सकाळी—"

"ताई," ती म्हणाली, "मी येणार आहे असं मी म्हणाले होते का?"

"मग इथे एकटी काय करणार तू?"

"ते मला ठाऊक नाही अजून. पण मला विचारलंस कधी? आत्ता त्यांना केवढं सुनावलंस, तिला काय हवं ते एकानं तरी विचारलं का म्हणून. खोली रंगवून झाल्यावर तू मला सांगितलंस. रंगसुद्धा तूच निवडलास."

"तुला पिवळा आवडतो."

"शाळेत असताना आवडायचा."

मी म्हणाले, "म्हणजे मी आणि ते सारखेच तर! मी रोज दुकान बंद करून उपाशीपोटी धावत येते ते कुणासाठी? तुला एकटीला जेवण जात नाही म्हणून ना?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर मला उत्तर सुचलं असतं.

"मला जातं गं जेवण," ती म्हणाली. "दुपारी मी एकटीच जेवते, व्यवस्थित जेवते. संध्याकाळी मी तुझ्यासाठी थांबते. तुला जात नाही. तू इथे येऊन दोन पोळ्या जास्त खातेस, आणि निघताना दारात अर्धा तास उभी राहतेस. मला काय दिसत नाही?"

दुकानात गिऱ्हाईक डागाबद्दल भांडायला लागलं की मला शब्द शोधावा लागत नाही. इथे मी पायरीवरची बादली उगाच सरळ करत बसले.

"असं कर," ती म्हणाली, आणि अगदी मायेनं म्हणाली. "मला वाचवायला म्हणून नको नेऊस. एवढंच म्हण, ये, मला तिकडे करमत नाही. आत्ता पिशवी भरते. पिवळी तर पिवळी."

ती थांबली. खरोखर थांबली होती, हात पुसत, माझ्या तोंडाकडे बघत. पाच शब्द होते. त्या दुमजली खेळण्याला हात लावायला घाबरणाऱ्या माणसांना मी हसले होते, आणि मला एवढे पाच शब्द तोंडाबाहेर काढायचे होते. दुकानावरची ती खोली मला दिसली, मी एकटीच रंग निवडत उभी असलेली. मला माझी बहीण हवी होती. लहानपणापासून हवी होती, रोज, समोर बसून जेवायला.

"मला न करमायला काय झालंय?" मी म्हणाले. "माणसांनी भरलेलं असतं माझं दुकान."

"बरं," बहीण म्हणाली.

तिनं बादली उचलली, सावकाश बांध ओलांडला आणि पहिली चादर झटकून दोरीवर टाकली. मी पायरीवर उभी राहिले. तिनं एकदा जरी वळून पाहिलं असतं तरी मी बोलले असते, असं मला वाटत होतं. ती सगळी बादली संपेपर्यंत कपडे वाळत घालत राहिली, आणि वळली नाही.